तळहाताखालचा भोवरा

जिचं पोट सगळ्या जिल्ह्यानं पाहिलं होतं, ती बाई आंघोळसुद्धा लुगडं नेसून करायची. पाणी ओढताना, चूल फुंकताना, वाकून अंगण झाडताना तिच्या पोटाचं बोटभर कातडं कधी कुणाला दिसलं नाही. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली आणि नाटक कंपनीच्या मांडवात पडदा वर गेला की मात्र हीच बाई फळ्यांवर उभी राहायची आणि तिच्या बेंबीभोवती एक लाट फिरू लागायची. खांदे हलत नसत, गुडघे हलत नसत. फक्त पोट गरगरायचं, वैनगंगेच्या डोहात पाणी गरगरतं तसं. म्हणून लोकांनी तिचं नाव भोवराबाई पाडलं. तिचं खरं नाव मला फार उशिरा कळलं, तेही दवाखान्याच्या चिठ्ठीवर.

मी तिची शिष्यीण झाले ती काही कलेच्या ओढीनं नव्हे. लग्नाला चार वर्षं होऊनही कूस उजवेना म्हणून नवऱ्यानं मला आसगावला माहेरी आणून सोडलं होतं. आई दिवसातून दोनदा माझ्या पोटाकडे बघायची आणि सुस्कारा टाकायची. थोरला भाऊ कंपनीत पेटी वाजवत असे. आणीबाणी उठली त्या वर्षी कंपनीतली एक नाचणारी लग्न करून निघून गेली, तेव्हा भाऊ मला म्हणाला, "कायले रडत बसते घरी? चाल माह्यासंग." घरात महाभारत झालं. बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. मी गेले. कंपनीतही लोक पोटाकडेच बघत, पण सुस्कारे टाकण्याऐवजी शिट्ट्या मारत. मला तेवढा फरक पुरेसा होता.

भोवराबाई आपल्या नाचाला मिसरी नाच म्हणायची. मिसर देश कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं आणि विचारायची सोयही नव्हती. लहानपणी एका जत्रेतल्या तंबूत हैदराबादकडची एक बाई हा नाच करायची. तिची भांडी घासता घासता आमची बाई तो शिकली. मॅनेजर पाट्यांवर मोठ्या अक्षरांत 'कॅबरे' रंगवायचा. कुणी तिला त्याबद्दल विचारलं की ती फणकारायची, "कॅबरे मंजे काय ते म्यानेजरले इचारा. माहा नाच मिसरी हाये." गुरूचं ऋण ती एवढ्या एका शब्दात फेडत असावी.

तिनं मला पहिला धडा दिला तो तिच्या खोलीजवळच्या तलावात. ती मासे धरणाऱ्या ढिवराची लेक, पाण्याशी तिचं जन्माचं नातं. दुपारी घाटावर कुणी नसताना ती मला बेंबीइतक्या पाण्यात उभी करायची आणि स्वतः पायरीवर बसून पाण्याकडे बघत राहायची, माझ्याकडे नाही. पोट हललं की पाण्यावर वलयं उठत. ती बेंबीपासून निघाली तर नाच. खांद्यापासून किंवा कुल्ल्यांपासून निघाली तर लबाडी. पहिला महिनाभर माझ्या चहूबाजूंनी नुसता गदारोळ व्हायचा, शिंगाड्याचे वेलसुद्धा हेलकावे खायचे. "तू नाचून नाई राहिली व," ती म्हणायची, "म्हशीवानी डुंबून राहिली." ज्या दिवशी पहिल्यांदा माझ्या बेंबीपासून एक बारीकसं वलय निघालं आणि न मोडता घाटापर्यंत गेलं, त्या दिवशी तिनं मला भिवापुरी मिरचीचा ठेचा आणि भाकर खाऊ घातली. डोळ्यांतून पाणी आलं ते ठेच्यामुळे, असं मी तिला सांगितलं.

पुढचा धडा घरातला. शिष्यिणीलाही पोट दाखवायला ती तयार नव्हती. मी कुरकुरले तर म्हणाली, "डोये मीट. नाच हातानं पाह्यची चीज हाये." मग ती दार लोटून भिंतीशी उभी राही. मी समोर बसून, डोळे मिटून, डावा तळहात तिच्या पदराखाली पोटावर ठेवी आणि उजव्या हातानं आपल्या मांडीवर ताल धरी. तळहाताखाली आधी बरगडीशी खळगा पडायचा, मग तो उजवीकडून उतरत ओटीपोटात जायचा आणि डावीकडून पुन्हा वर चढायचा. मी जे काही शिकले ते या डाव्या हातानं शिकले. इतक्या मायेनं तोवर माझ्या हाताला कुणी काही शिकवलं नव्हतं.

तिचे नियम थोडेच होते, पण कडक. खेळाच्या दिवशी पातळ पेजेशिवाय पोटात काही जाऊ द्यायचं नाही. समोरच्या माणसांच्या डोळ्यांत बघायचं नाही. मांडवाच्या शेवटच्या बल्लीला जो दिवा टांगलेला असतो त्याच्यावर नजर ठेवायची. "पोट नाचते तवा तोंड घरी ठेवाचं," ती बजावायची. तिचं तोंड खरंच घरी ठेवल्यासारखं असे. पुढच्या रांगेतली माणसं काहीबाही ओरडत, पैसे फेकत, आणि ती एखाद्या बाईनं दाराशी उभं राहून गाईची वाट बघावी तशी दूरवर बघत असे.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपल्यावर, आम्ही पुन्हा रियाज सुरू केला. मी डोळे मिटून हात ठेवला आणि बेंबीच्या उजव्या अंगाला, जरा खाली, बोटांना काहीतरी कडक लागलं. सुपारीएवढं. लाट तिथं यायची, किंचित अडायची आणि त्याला वळसा घालून पुढं जायची. मला हर्षच झाला. भोवऱ्याचं मूळ सापडलं असं वाटलं. पहिलवानाच्या दंडात गोळा येतो, विणकराच्या बोटाला घट्टा पडतो, तसं हे इतक्या वर्षांच्या नाचानं कमावलेलं असणार. मी डोळे उघडून म्हटलं, "बाई, हे गाठीवानी लागून राह्यलं. हे नाचानंच आलं ना?"

आपला हात पदराखाली नेऊन तिनं ती जागा चाचपली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"हाव," ती म्हणाली. "तसंच असंन."

मी ही बातमी कंपनीभर केली. भावानं पेटीवरचा हात थांबवून "वा!" म्हटलं. ढोलकीवाला म्हणाला की सिद्धी अशीच असते, ज्याला मिळायची त्यालाच मिळते. मला आपल्या पोटात तसलं काही सापडेना म्हणून मी खट्टू झाले. सकाळी उठून श्वास कोंडून धरायची, फडक्याची गाठ करून परकराच्या नाडीखाली दाबून ठेवायची, आणि आठवड्यातून एकदा चाचपून बघायची. माझं पोट आपलं मऊच्या मऊ. तेव्हा मला त्या गाठीचा हेवा वाटत होता.

एक मोसम तसाच गेला, त्याच्या पुढच्या मोसमात ती गाठ लिंबाएवढी झाली आणि बाई वाळत गेली. जेवण तिला नकोसं झालं. "पोट हलकं असलं का लाट साजरी फिरते," ती म्हणायची, आणि आम्ही त्यालाही तिची तपश्चर्या समजलो. पोट खपाटीला गेल्यामुळे आता गाठ लोकांनाही दिसू लागली. लाट तिच्यावर आपटून फुटायची, तेव्हा मांडवातून टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. मॅनेजरनं तर त्या बाजूला एक जादा बत्ती लावली. मी विंगेत उभी राहून अभिमानानं टाळ्या वाजवत होते.

नाकाडोंगरीच्या मंडईत खेळ दिवसाच होता, शेवटच्या बल्लीवरचा दिवा न पेटवताच टांगलेला होता. खाणीतले मजूर पुढं बसले होते. नाच ऐन रंगात आला असताना बाई एकदम कमरेत वाकली आणि दोन्ही हातांनी पोट धरून तशीच राहिली. लोकांना वाटलं, नवी अदा. शिट्ट्यांनी मांडव दणाणला. ढोलकीवालाही चुकला, त्यानं लय वाढवली. ती वाकलेलीच, पावलं सरकवत विंगेत आली. घामानं तोंडावरचा रंग ओघळत होता. "तू जाय," ती मला म्हणाली, "आन् दिव्याकडे पाह्यजो." मी गेले आणि उरलेला नाच केला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या मला त्या दिवशी मिळाल्या. परत येऊन बघते तर बाई पेटाऱ्यावर आडवी पडलेली, पदर पोटावर घट्ट आवळलेला.

त्यानंतर डॉक्टरकडे नेण्यासाठी आम्ही तिच्या पाया पडलो. पण डॉक्टर पुरुष, पोट उघडं करावं लागेल. ती ऐकेना. मी चिडून म्हटलं, "हजारो लोकायनं पाह्यलं बाई, एका डॉक्टरनं पाह्यलं तर काय बिघडते?" ती शांतपणे म्हणाली, "नाचतानी ते पोट लोकायचं असते पोरी. डॉक्टरपुढं ते माह्यं होते." भंडाऱ्यात एक लेडी डॉक्टर आल्याचं कळेपर्यंत आणि बाईला तिथं यायला राजी करेपर्यंत होळी उलटून गेली.

लेडी डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहायला नाव विचारलं. बाई म्हणाली, "अनसूया." मी चमकून तिच्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी पदर बाजूला केला, पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. बाईला बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"दोन वर्सं होत आली," मी म्हटलं.

"कुणाच्या लक्षात आलं होतं?"

"माह्या."

"मग आणलं का नाही?"

आम्हाला ती कला वाटली, हे सांगायला माझी जीभ रेटेना. आता नागपूरला नेऊनही उपयोग नाही, असं त्या हळूच म्हणाल्या.

शेवटचे दोन महिने बाई तलावाकाठच्या आपल्या खोलीत होती. मी कंपनी सोडून तिच्याजवळ राहिले. पेजेचे दोन घोटही उतरत नसत. एका दुपारी तिला जरा बरं वाटत होतं, तेव्हा मी कित्येक दिवस गिळलेला प्रश्न विचारला. "बाई, खरं सांगा. हे नाचाचं नोहे, हे तुमाले मालूम होतं ना?"

"तुह्या हाताले लागलं, त्याच्या महिनाभर आंधी मले लागलं होतं. मले लय भेव वाटून राह्यलं होतं. झोप नोती येत. मंग तू म्हनली का हे नाचाचं हाये." तिनं दम घेतला. "मले बरं वाटलं व. मंग मीबी तसंच धरलं."

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. मग खुणेनं जवळ बोलावलं आणि आपला वाळका हात माझ्या पदराखाली घातला. डोळे मिटून तिनं माझं पोट बोटाबोटानं चाचपलं, बरगडीपासून ओटीपोटापर्यंत, उजवीकडून डावीकडे. माझ्या पोटाला इतक्या सावकाश कुणीच हात लावला नव्हता, नवऱ्यानंही नाही. "काई नाई," ती शेवटी म्हणाली. "मोकळं हाये. तुले नाच नाई आला पोरी, लय साजरं झालं." त्यानंतर चारच दिवसांनी ती गेली.

तिला आंघोळ घालायला शेजारच्या बाया जमल्या. लुगडं फेडायला त्या पुढं झाल्या तेव्हा मी त्यांना अडवलं. मी म्हटलं, बाईनं जन्मात कुणापुढं उघड्यानं आंघोळ केली नाही, आताही करणार नाही. बाया बाजूला झाल्या. मी तिच्या अंगावर लुगड्यावरूनच पाणी ओतलं, डोळे मिटले आणि पदराखालून हात घालून तिचं पोट धुतलं. गाठ जागच्या जागी होती. लाट तेवढी नव्हती.

मी पुन्हा नाचले नाही. पुढं एका सरकारी दवाखान्यात बायांच्या वॉर्डात आया म्हणून लागले, ती केस पांढरे होईपर्यंत. खेड्यातून आलेली बाई तपासणीच्या टेबलावर पदर घट्ट धरून पडली की डॉक्टर वैतागत, सिस्टर ओरडत. मी तिचा हात धरून म्हणत असे, "पोट तुहंच राहाते माय. दाखव." बहुतेक जणी पदर सोडत. कुणी म्हणे, आयाबाईच्या हाताला गुण आहे. माझ्या हाताचा गुण मला ठाऊक आहे. दोन वर्षं हा डावा हात बाईच्या मरणावर ठेवलेला होता, आणि उजव्या हातानं मी ताल धरत होते.