रेवाचा गुडघा

“अगं, तू फिजिओ ना? जरा रेवाचा गुडघा बघ की,” वैशाली म्हणाली. परदेशातल्या आमच्या ट्रुगानिना या उपनगराच्या कम्युनिटी हॉलमध्ये आम्हा मराठी मंडळींचं जेवण चाललं होतं. माझ्या एका हातात मसालेभाताची प्लेट होती. ती खाली न ठेवताच मी दुसऱ्या हाताने गुडघा दाबून पाहिला.

रेवा ही वैशालीची मुलगी. बारा वर्षांची, अंगाने चांगलीच जाड. गुडघ्याला सूज नव्हती, दाबल्यावर दुखतही नव्हतं. मी निदान करून मोकळी झाले. “वजनाचा भार येतोय. रोज चालायला ने, जिने चढू दे.” हे अगदीच खोटं नव्हतं. जाड मुलांचे गुडघे कुरकुरतात, मग हालचाल कमी होते आणि वजन आणखी वाढतं.

“बट इट हर्ट्स व्हेन आय वॉक, मावशी,” रेवा म्हणाली.

“सुरुवातीला दुखणारच,” मी म्हणाले.

वैशाली वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करते. घरी येऊन पाठ टेकायच्या आधी ती लेकीला चालायला न्यायची. माझा सल्ला तिने तंतोतंत पाळला. दीड महिन्याने तिचा फोन आला. “ही आता लंगडतेय गं. चालायचा कंटाळा म्हणून नाटक तर करत नसेल ना?”

मी त्यांना क्लिनिकमध्ये बोलावलं. या वेळी रेवाला टेबलवर झोपवलं आणि तिचा पाय वाकवून पोटाकडे नेऊ लागले. पाय सरळ येईना, आपोआप बाहेरच्या बाजूला वळला. आत वळवायला गेले तर पोरगी किंचाळली. मी पाय हळूच खाली ठेवला.

गुडघा ठीकच होता. दुखणं खुब्याचं होतं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो. वाढत्या वयात तो हाडाला मऊ चकतीने जोडलेला असतो. वजन जास्त असलं की कधीकधी गोळा तिथून सरकतो. खुब्याची नस गुडघ्यापर्यंत जाते, म्हणून मूल गुडघा धरून रडतं. अशा पायावर एक पाऊलही टाकायचं नसतं. मी तिला जिने चढायला लावले होते.

व्हीलचेअरवरून तिला थेट हॉस्पिटलला नेलं. एक्स-रे झाला, ऑपरेशन झालं, हाडात स्क्रू बसला.

क्लिनिकमध्ये माझ्या बॉसने विचारलं, “पहिल्या तपासणीची तुझी नोट कुठेय?”

“नाहीये. हॉलमध्ये बघितलं होतं.”

“नोंद नाही, म्हणजे तू तिला बघितलंच नव्हतंस, मेट.”

स्क्रूने गोळा आणखी सरकायचा थांबतो, जागेवर परत येत नाही. रेवाचा तो पाय आता थोडा आखूड आहे. ती लंगडते आणि लंगडतच राहील. लवकर कळलं असतं तर गोळा इतका सरकला नसता, असं सर्जन म्हणाले. वैशालीला हे मीच सांगितलं, माझ्या चुकीसकट.

“मी तिला आळशी म्हणत होते गं,” एवढंच ती बोलली. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मुलाचा गुडघा दुखत असेल तर आधी खुबा तपासा, हे आम्हाला कॉलेजमध्येच शिकवतात. मला ते येत होतं. समोर जाड मुलगी दिसली आणि पुढे काही बघायची मला गरज वाटली नाही.