पेग लिलिसच्या नावावरचं गाणं

कोल्मन टाल्टीला पुरून तीन आठवडे झाले. आमच्या किलब्रॅकच्या दफनभूमीत त्याची जागा भिंतीच्या कडेला आहे. मातीवर अजून लाकडी क्रूसच आहे. तिथून दहा पावलांवर पेग लिलिसचा दगड आहे, काळा, गुळगुळीत, आणि त्यावर एका गाण्याच्या दोन ओळी कोरलेल्या आहेत. त्या ओळी कोल्मनच्या आहेत. हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता एकच उरलंय, ते म्हणजे मी, डेलिया कॉन्सिडाइन. बावीस वर्षं फिरत्या नाटक कंपनीत गायले, रडले, आणि दर शनिवारी शेवटच्या अंकात मेले.

कोल्मन डेअरीत होता. शेतकऱ्यांनी आणलेले दुधाचे कॅन रिकामे झाले की वाफेनं धुवायचे, हे त्याचं काम. मी सतरा-अठराची असताना बाबांचं दूध गाढवाच्या गाडीतून रोज सकाळी तिथे नेत असे. तो कॅनच्या बुडावर ब्रशच्या दांड्यानं ताल धरायचा आणि पुटपुटायचा. गाणी करायचा तो. कुणाचं गाढव हरवलं, फुटबॉलच्या सामन्यात गोलरक्षक घसरला, फादरची सायकल ओढ्यात गेली, की दुसऱ्या दिवशी गाणं तयार. आणि ते कुणाच्या स्वयंपाकघरात म्हणायला उभा राहिला, की लोक बोलतच राहायचे.

“काय रे टाल्ट्या, आज कुणाचं गाढव?”

“बस खाली. तुझ्या आईलाच ऐकव ते!”

आमच्याकडची रीतच तशी. गाणं जुनं असलं पाहिजे. कुणा म्हाताऱ्याकडून आलेलं, त्यानं आणखी म्हाताऱ्याकडून घेतलेलं. तसं असलं की माणसं टोपी काढतात, पाईप विझू देतात. काल शेजाऱ्यानं केलेलं गाणं म्हणजे काल शेजाऱ्याला झालेली सर्दी.

सत्तेचाळीस साली कोल्मनची बहीण उना बोस्टनला गेली. त्यांची आई दर रविवारी तिच्या जागी बशी मांडायची, बशीत लोण्याचा गोळा ठेवायची, आणि पुढच्या रविवारपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. मी ते पिवळं पडलेलं लोणी पाहिलंय. एका सकाळी मी कॅन उतरवत होते तेव्हा कोल्मन म्हणाला, “डेलिया, थांब जरा. हे ऐक.”

दहाला भोंगा डेअरीचा झाला,
बाई गं, लोणी बशीत तसंच.

पुढच्या आठवड्यात दुसरं कडवं झालं, मग तिसरं. एक शब्द अडला होता तो मीच सुचवला, आणि त्यानं तो घेतला नाही. बरोबरच केलं.

बावन्न साली डब्लिनहून कीव्हनी नावाचे एक विद्वान गृहस्थ आले, मोटारीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन. जुनी गाणी गोळा करत होते. लिलिसांच्या स्वयंपाकघरात संध्याकाळच्या चहानंतर सगळे जमले. एकेकजण म्हणत होता. ज्यानं म्हटलं त्यानंच पुढच्याचं नाव घ्यायचं, आणि नाव घेतलं की नाही म्हणायचं नाही. कुणीतरी गंमत म्हणून कोल्मनचं नाव घेतलं. हसू फुटलं. कोल्मन उभा राहिला, कान लाल झालेले, आणि म्हणाला, “हे माझं नाही. पेग लिलिसचं आहे.”

पेग म्हणजे त्याच घरातली आंधळी म्हातारी. ती वारली तेव्हा कोल्मनचा जन्मही झाला नव्हता. पण स्वयंपाकघर गप्प झालं. चुलीवरची किटली कुणीतरी बाजूला काढली. त्यानं डोळे मिटून सगळी पाच कडवी म्हटली, आणि संपल्यावर त्या घरच्या सुनेची, टेस लिलिसची, सासू एप्रनला डोळे पुसत म्हणाली, “आमच्या पेगचं! आणि आम्हालाच ठाऊक नव्हतं गं!”

कीव्हनींनी विचारलं, “तुमच्यापर्यंत कसं आलं?”

“माझ्या आजीनं घेतलं तिच्याकडून,” कोल्मन म्हणाला. यंत्राची चाकं फिरत होती.

बाहेर पडल्यावर मी त्याला चिमटा काढला. “खोटारड्या!”

“अगं, ऐकलं ना त्यांनी?” तो म्हणाला. “पहिल्यांदा कुणी ऐकलं माझं. सांगेन नंतर.” इतकं आनंदी मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

कीव्हनींचं पुस्तक दोन वर्षांनी निघालं. गाणं त्यात पहिल्याच भागात होतं, ‘पेग लिलिस हिचे’ म्हणून. एकच बदल केला होता. डेअरी आमच्या गावात पेग गेल्यावर वीस वर्षांनी आली, हे कीव्हनींच्या ध्यानात आलं होतं. म्हणून त्यांनी खाली टीप दिली, की भोंगा ही पुढे कुणा गायकानं केलेली भेसळ असावी, आणि वर छापलं:

दहाला घंटा चर्चची झाली.

गाणं त्याचं होतं याचा त्या गाण्यातला एकुलता एक पुरावा, आणि तोच त्यांनी नीट धुऊन काढला.

तोवर मी कंपनीत गेले होते. तंबू, गॅसबत्त्या, गावागणिक तीन दिवस मुक्काम. मालक मिस्टर डॉन्ट स्वतः खलनायक व्हायचे आणि तिकिटंही फाडायचे. दोन अंकांच्या मध्ये मी ते गाणं म्हणत असे, काळी शाल घेऊन, एकट्या दिव्यात. आणि ‘घंटा’ म्हटलं की पडद्यामागून डॉन्टची बायको खरी घंटा वाजवायची. लोक हुंदके द्यायचे. देवाशपथ सांगते, भोंग्यावर ते झालं नसतं. हे मी तेव्हाही जाणून होते.

कोल्मन सायकलवरून अठरा मैल आला होता एकदा. प्रयोग संपल्यावर तंबूमागे उभा, हातात टोपी.

“छान म्हणतेस,” तो म्हणाला. “घंटेचं राहू दे. पण म्हणण्याआधी एवढं सांगशील? किलब्रॅकच्या कोल्मन टाल्टीनं केलंय म्हणून?”

“सांगेन की! उद्याच सांगते.”

मी डॉन्टना विचारलं. ते मिशी काढत होते, डिंकाची. “डेलिया, माझे बाई,” ते म्हणाले, “आंधळ्या म्हातारीसाठी लोक रडतात. कॅन धुणाऱ्यासाठी कोण रडणार?” दुसऱ्या दिवशी मी विंगेत उभी राहिले तेव्हा ‘कोल्मन टाल्टी’ ओठांवर होतं. दिव्यात गेले आणि म्हणाले, “एका आंधळ्या म्हातारीचं हे गाणं...” तंबू गप्प झाला. त्या शांततेची चटक फार वाईट असते. कोल्मनलाही तीच लागली होती, पण त्याला एका संध्याकाळपुरती मिळाली. मी बावीस वर्षं घेतली.

त्यानं कीव्हनींना पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं. त्यांनी कळवलं, की तुम्ही हे पेग लिलिसचं आहे असं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं आमच्याकडे ध्वनिमुद्रित आहे, आणि लोकगीतांवर असा हक्क सांगणारे बरेच भेटतात. ते पत्र त्यानं मला दाखवलं. घडीच्या रेघा फाटेपर्यंत वाचलेलं होतं.

त्यानंतर तो प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालू लागला, जुने कवी घालत तसं. ‘कोल्मन टाल्टी म्हणे.’ चाळीसेक गाणी केली. दोन-तीन खरंच सुरेख होती. कुणी म्हटलीच तर शेवटचं कडवं गाळून.

मग दगडाची गोष्ट. मी कंपनी सोडून गावी परतले होते, तेव्हा गावानं पेगच्या थडग्यावर नवा दगड बसवायचं ठरवलं. बँडवाले, फादर गार्वी, रेडिओचा माणूस. गाणारी म्हणून मला बोलावलं होतं, आणि कोल्मनला ‘पेगच्या परंपरेचा शेवटचा वारस’ म्हणून. फादरनी दगडावरचं कापड ओढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कोल्मन पुढे झाला.

“हे माझं आहे,” तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. “मी केलं. उना गेली तेव्हा. घंटा नव्हतीच त्यात, भोंगा होता.”

क्षणभर कुणाला कळेना. मग टेस लिलिस पुढे आली. “लाज नाही वाटत रे? तूच सांगितलंस आमच्या सासूबाईंना, आमच्या चुलीपुढे! त्या बिचारीच्या मागे जगात एवढी एकच वस्तू राहिली, ती पण हवी तुला?”

“मी खोटं बोललो होतो.”

“तेव्हा, की आता?”

लोक हसले. कोल्मननं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. “डेलियाला विचारा. कॅन उतरवत होती ती. तिच्यादेखत केलंय.”

फादर गार्वी वळले. “काय गं डेलिया? तू होतीस?”

बावीस वर्षांचे तंबू माझ्यापुढे उभे राहिले. दर गावात मी सांगितलेली आंधळी म्हातारी उभी राहिली. खरं सांगितलं तर खोटा एकटा कोल्मन ठरणार नव्हता, मीही ठरणार होते. मी स्पष्ट, सुंदर आवाजात म्हणाले, “फादर, लिलिसांच्या स्वयंपाकघरात मी होते. त्यानं पेगचंच म्हणून म्हटलं होतं.”

एक अक्षर खोटं नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला वठलेला प्रवेश.

कोल्मननं टोपी घातली. माझ्याजवळून जाताना थांबला. “चांगलं बोललीस,” म्हणाला, “शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.” त्यानंतर त्यानं गाणं केलं नाही. रस्त्यात भेटला की हवेबद्दल बोलायचा. तीस वर्षं आम्ही हवेबद्दल बोललो.

त्याला पुरल्यावर हॉटेलात सूप आणि हॅमची सँडविच होती. बोस्टनहून उनाची नात आली होती, तिला आमचे उच्चार कळत नव्हते. चहा झाल्यावर गाणी सुरू झाली, आणि शाळेतल्या मास्तरीणबाई सॉरखा मॅरिनन यांनी म्हणून झाल्यावर माझं नाव घेतलं. “डेलिया, पेगचं म्हणा. कोल्मनना फार आवडायचं.”

नाव घेतलं की नाही म्हणायचं नाही. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

“हे पेगचं नाही,” मी म्हणाले. “कोल्मन टाल्टीनं केलंय. मी तिथे होते. दगडापाशी मी त्याला तोंडघशी पाडलं.”

सॉरखानं माझ्या हातावर हात ठेवला. “हो हो, आजी,” ती हळूच म्हणाली. “आजच्या दिवशी असं वाटणारच. म्हणा तुम्ही.” टेबलापलीकडे टेसचा मुलगा बायकोला म्हणाला, “मन मोठं हो म्हातारीचं. मेलेल्याला गाणं देऊन टाकलं.”

मी म्हणायला लागले. आवाज आता फाटलाय, पण पहिली ओळ नीट लागली. दहाला भोंगा डेअरीचा झाला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी तो शब्द लोकांपुढे म्हटला. कुणीतरी मायेनं, मला आठवावं म्हणून, पुटपुटलं, “घंटा, डेलिया, घंटा.” मी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा भोंगाच म्हटलं. तेव्हा मला सांभाळून घ्यायला सगळं हॉटेल माझ्याबरोबर गाऊ लागलं. साठ-सत्तर माणसं, पाठ असलेलं गाणं, आणि काय सुरात! उनाची नात रडत होती.

घंटा चर्चची झाली, असं त्यांनी म्हटलं. मी भोंगा म्हणत राहिले, पाचही कडवी. मला स्वतःलाही ऐकू आलं नाही.