पेद्रूच्या एकोणीस करवंट्या

पेद्रू गेल्याची बातमी आली तेव्हा मी गास गावच्या नाक्यावर त्याच्याच करवतीचा पराक्रम सांगत होतो. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून आम्ही दोघांनी आणलेली ती अमेरिकन करवत : एका टोकाला इंजीन, दुसऱ्या टोकाला मूठ, मधे दातेरी साखळी. एका सकाळी तिने सात चिंचा आडव्या केल्या, असं मी म्हटलं. (चिंच एकच होती, आणि निम्मी वाळवीने खाल्लेली.) तेवढ्यात नंदाखाल गावचा पाववाला सायकलवरून उतरला. "नाना, पेद्रू गेला. जेवून ओटीवर आडवा झाला, तो उठलाच नाय." मी हसलो. गावाला थापा मी मारतो, मला कोण मारणार... पण पाववाला हसेना.

खारा वारा लोखंड खातो, म्हणून पेद्रू दरवर्षी पाऊस सरला की इंजीन पार सोडवायचा आणि तुकडे करवंट्यांत टाकायचा. कुठला कशात, याला काही धरबंध नाही. जोडताना डोळे मिटून, वास घेऊन, प्रसंगी जिभेला लावून सांगायचा, "हा मॅग्नेटोतला... हा कार्बोरेटरचा." एकदा पिस्टनची रिंग चाटून करवतीने किती झाडं पाडली तेही त्याने सांगितलं. शपथेवर सांगतो, मी तिथे असतो तर नक्की ऐकलं असतं. माझ्याकडे कायम मुठीची बाजू. बाजारात मात्र इंजिनाचा जाणकार मीच.

गेला त्या सकाळीही त्याने इंजीन सोडवून ठेवलं होतं. ओटीवर एकोणीस करवंट्या. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या बायकोने, नातूबायने, मला बोलावून घेतलं. "रविवारी चिंचोटीचा लाकूडवाला येतो. मशीन चाललं तर इंजिनाची बाजू मी धरीन, काम आपलं. नाय चाललं तर भंगारात घालते, दुसरं काय करू? तुम्हाला तर नट न् नट ठाऊक हाय ना? बसा जोडायला."

बसलो. कॉइल, कंडेन्सर, फ्लोट, सगळी नावं तोंडपाठ. पण करवंटीतला एकही तुकडा आपलं नाव सांगेना. जिभेला लावून पाहिलं तर सगळ्यांची चव घासलेटची. शेवटी एक ओळखीची वस्तू दिसली, बाटलीचं बूच. "हे कुठून आलं?" म्हणून मी ते अंगणात भिरकावलं. नातूबाय धावली, कोंबडीच्या चोचीतून ते सोडवलं आणि पदराने पुसत म्हणाली, "नाना, हे कार्बोरेटरच्या पोटात तरंगतं. इतकी वर्षं मी घासलेटात धुते."

म्हणजे फ्लोट तो हाच! मला नावं ठाऊक होती, तिला वस्तू. आणि दोन्ही जुळवणारा माणूस कबरीत. मग मी म्हणायचं, "पेद्रू इथे पॉइंट बसवायचा," ती विचारायची, "टिचकी मारून बघायचा तो?" असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मी दोरी ओढली. नवव्या हिसक्याला इंजीन असं गरजलं की अर्नाळ्याच्या होड्या उलट्या फिरल्या असतील! मी ओरडलो, "पेद्रू, चोक!" आणि चोक नातूबायने मागे घेतला.

रविवारी तिने इंजिनाची बाजू उचलली, मी मुठीची. लाकूडवाल्याने ओंडका पडेपर्यंत तोंड मिटलं नाही. काम मिळालं.

पण एका करवंटीत एक तुकडा उरलाय. बोटभर, वाकडा, दोन भोकांचा. इंजीन त्याच्यावाचून चालतंय. मग तो कुठला? आमचं काही चुकलं, की पेद्रूनेच कधीतरी जास्तीचा घातला होता? मला काही कळेना. "टाकून देऊ?" मी विचारलं.

"राहू दे. त्यांना विचारते," असं म्हणत नातूबाय करवंटी घेऊन उठली, ओटीवर पेद्रू आडवा व्हायचा त्या जागेपर्यंत गेली... आणि तिथेच उभी राहिली.