प्रेसवर वासनिकच राहिला

"वासनिकला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा," मालक मला म्हणाले, तेव्हा गिऱ्हाईक कंपनीच्या डोंगरे मॅडम नागपूरहून येऊन माझ्या लॅबमध्येच बसल्या होत्या.

पुढचे आज आमच्या पद्मनाभपूर वस्तीत कोणीही सांगतो, आणि चुकीचे सांगतो. वासनिक निष्काळजी होता, मॅडमनी आपल्यातला माणूस म्हणून त्याला सांभाळून घेतले, असे म्हणतात. लॅबचा प्रमुख मी होतो. सांगणाऱ्यांपैकी एकही तिथे नव्हता.

भिलाईच्या आमच्या छोट्या कारखान्यात आयर्न ऑक्साइडची, म्हणजे गंजासारखी लाल, पावडर तयार होई. ती विजेला किती अडवते, म्हणजे तिचा रेझिस्टन्स किती, हे पाहून गिऱ्हाईक माल घेई. पावडर प्रेसखाली दाबून हा रेझिस्टन्स मोजायचा, ते काम वासनिकचे. दाब वाढला की कण एकमेकांना जास्त टेकतात, विजेला वाट मिळते आणि रेझिस्टन्स उतरतो. म्हणून रीडिंग ठरलेल्या दाबालाच घ्यायचे. पावडर तीच, दाब तोच. तरी आमचे रीडिंग मॅडमच्या लॅबपेक्षा सतत कमी येत होते.

"रिपोर्टवर भरोसा राहिला नाही, तर ऑर्डर जाईल," मालक म्हणाले.

"मग आधी माझा राजीनामा घ्या," मी म्हणालो.

मॅडम उठल्या. "भांडण मंग करा. मले आधी प्रेस पाहू द्या."

वासनिक मूळचा फिटर. उमेदीची वर्षे पाइपलाइनच्या कामात गेलेली. त्याने पंप मारला. दाबाचा काटा ठरलेल्या खुणेच्या जरा पुढे गेला. त्याने अलगद दाब सोडून तो नेमका खुणेवर आणला.

"हे मागं कावून आणलं, दादा?"

"हात तसाच बसला हाय, मॅडम. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला का थोडा मागं घेतो. नाही तं जाम होते."

"कवापासून?"

"तुमी शाळेत असाल तवापासून."

मॅडम हसल्या. "नवी पावडर घ्या. आता खुणेवरच थांबा. का हात बांधू?"

"बांधा. पण मंग चहा तुमाले पाजा लागंल."

या वेळी रीडिंग मॅडमच्या रीडिंगशी जुळले. खूण ओलांडली की कण घट्ट रुततात. दाब उतरवला तरी ते पूर्ववत सुटत नाहीत. काटा आत्ताचा दाब दाखवतो, पावडर मात्र सोसलेल्या दाबाप्रमाणे वागते.

मालकांना मॅडमच म्हणाल्या, "यांले काढू नका. रोज एकसारखी चूक करणारा हात भेटत नाही. एकसारखी होती म्हणून तं सापडली."

याला पक्षपात म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे. मॅडमनी कोणाचीही बाजू घेतली नाही, मोजून दाखवले. माझ्या राजीनाम्याने ते रीडिंग तसूभरही हलले नसते. त्या दिवशी त्या आल्या नसत्या तर मी एक सच्चा माणूस गमावला असता, म्हणून मी त्यांचा ऋणी आहे.

वासनिक राहिला, ऑर्डरही राहिली. खूण ओलांडली गेली, तर दाब उतरवत बसू नये. पावडर फेकावी आणि नवी घ्यावी.