कमरेवर हात ठेवलेली बिस्किटं

त्या वर्षी आमच्या नाताळात बिस्किटं आली. आली म्हणजे विकत नव्हे, विकतची कोणीही आणतं. घरी करायची! सुंठ, दालचिनी, लवंग आणि जायफळ घातलेली, साच्यानं कापलेली आणि वर साखरेची नक्षी काढलेली. मुंबईला हॉस्पिटलात नर्स असलेल्या मावशीला तिच्या मेट्रननं कृती लिहून दिली होती. तो कागद मावशीनं पाकिटात घालून पाठवला आणि खाली लिहिलं, 'बघ जमतं का. नाही जमलं तर नेहमीच्या करंज्या कर.'

एवढं वाचलं आणि आई पेटलीच. "नाही जमलं तर म्हणजे काय?"

मी तेव्हा सहावीत होते. अभ्यासात बेताची, पण नकलांत पहिली. फादरांचं प्रवचन खोकल्यासकट करायचे. गणिताच्या बाई तपकीर ओढून उत्तर विसरतात ते करायचे. पाचूबंदरची कोळीण दारात टोपली उतरवून "घे गो बाय, आत्ताच पान्यातनं भायेर आलीया, डोला मारते बघ!" म्हणते, ते तर असं करायचे की मांजरं धावत यायची. आणि माझा सगळ्यात हुकमी प्रेक्षक म्हणजे शेजारच्या काकू. त्यांची वाडी आमच्या वाडीला लागून. केळी, पानवेल आणि फुलझाडं. मी त्यांच्या ओट्यावर उभी राहिले की काकू हातातलं काम टाकून बसायच्या आणि हसताना लुगड्याच्या पदरानं आधी डोळे पुसायच्या, मग मांडीवर थाप मारायच्या, मग म्हणायच्या, "पुरे गो माकडे, पोट दुखतं! ...बरं, ती कोळीण परत कर."

पण त्या वर्षी श्रावण संपता संपता आमच्या सात कोंबड्या कुंपणातून पलीकडे गेल्या आणि काकूंनी नुकतीच लावलेली शेवंतीची रोपं उकरून आल्या. सगळी. काकू कुंपणाशी आल्या, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि ओरडल्या, "कोंबड्या पाळायच्या तर दोरीला बांधा!"

आई माफी मागायलाच निघाली होती, देवाशपथ. पण तो आवाज ऐकला आणि तिचं तोंड भलतीकडेच वळलं. "फुलझाडं लावायची तर कपाटात लावा!"

झालं. बोलणं बंद. माझंही जाणं बंद. दिवाळीला दर वर्षी काकूंकडून फराळाचं ताट यायचं आणि नाताळला आमच्याकडून त्यांना. त्या दिवाळीत ताट आलं नाही. आई चारही दिवस दाराकडे तोंड करून भाजी निवडत बसली. मला फराळाचं एवढं नव्हतं. (चकलीचं थोडं होतं.) माझ्या नकला साचून साचून खराब व्हायला लागल्या होत्या. घरात बाबा होते, पण ते हसायचेच नाहीत. पूर्ण बघून म्हणायचे, "बरं केलंस."

तर बिस्किटं. साचे कुठून आणायचे? बाबांनी वहीच्या कागदावर एक चांदणी, एक चंद्र आणि एक बाहुली काढली आणि वसईच्या बाजारात डबे झाळणाऱ्याकडे दिली. त्यानं वनस्पती तुपाच्या डब्याची पट्टी कापून, वाकवून साचे केले. चांदणी झकास. चंद्र ठीक. बाहुलीला मात्र बाबांनी दोन्ही हात पसरलेले काढले होते आणि पट्टी तेवढी पुरेना. मग त्या माणसानं स्वतःच्या डोक्यानं हात कोपरात मुडपले आणि कमरेला टेकवून झाळून टाकले.

"हे काय? ही भांडतेय!" आई म्हणाली.

"पट्टी वाचली," बाबा म्हणाले.

नाताळच्या तीन दिवस आधी सकाळपासून घरात नुसता धुमाकूळ. आईनं खलबत्त्यात सुंठ कुटली, मी जायफळ किसताना बोट किसलं. गूळ पातळ करून त्यात लोणी आणि मसाला पडला तेव्हा असा वास सुटला की रस्त्यानं सायकलवरून जाणारा पोस्टमन पाय टेकवून थांबला. त्याच्याकडे आमचं पत्र नव्हतंच! मी त्याची नक्कल तिथंच करून घेतली, नाक वर, एक पाय पॅडलवर.

ओव्हन नव्हता. मोठ्या पातेल्यात वाळू, वाळूवर जाळी, जाळीवर पत्रा, वर झाकण आणि झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे निखारे. खाली चूल, वर निखारे. एका घाण्यात नऊ बिस्किटं, एक जास्त नाही. पहिला घाणा करपला. दुसरा वरून कच्चा, खालून कोळसा. तिसऱ्याला आईनं झाकण उचललं आणि आम्ही दोघी एकदमच किंचाळलो. तांबूस, फुगलेली, कडा सरळ. बाबा बाहेरून धावत आले, त्यांना वाटलं कोणी भाजलं.

आता एक गंमत बघा. आईनं पीठ दोन परातींत मळायला घेतलं. एका परातीत अंडी फोडली, दुसरीत नाही. बिनअंड्याची परात आधी लाटायची, साचे स्वच्छ धुऊन आधी त्याचीच कापायची, भाजायचीही आधी आणि वेगळ्या डब्यात भरायची. दर नाताळला केकचंही असंच व्हायचं, कारण काकूंच्या घरात अंडं चालत नाही. त्यामुळे बिनअंड्याचा डबा म्हणजे काकूंचा डबा. त्याला घरात कोणी हात लावत नसे.

मी अगदी फादरांच्या आवाजात विचारलं, "माझ्या मुली, हे बिनअंड्याचं कोणासाठी?"

"बाबांसाठी. त्यांचं पोट नाजूक आहे."

बाबा तेव्हा ओटीवर बसून सकाळी सकाळी सुके बोंबील खात होते.

 मला आतून इतकं बरं वाटलं की मी तिथंच एक उडी मारली आणि लाटणं पायावर पाडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सजावट. साखर कुटून मलमलच्या फडक्यातून चाळली. आमच्यासाठी ती अंड्याच्या पांढऱ्यात घोटली, बिनअंड्याच्या डब्यातल्यांसाठी लिंबाच्या रसात. बिटाचा गुलाबी, हळदीचा पिवळा आणि दुकानातून आणलेली हिरव्या रंगाची पुडी. वहीच्या कागदाला तेल लावून कोन केले, टोक कात्रीनं एवढंसं उडवलं. आई चांदण्यांवर ठिपके देत होती, जीभ बाहेर काढून. मला तिनं बिनअंड्याच्या उरलेल्या पिठाची एक बाहुली दिली. "ही तुझी. काय वाटेल ते कर."

असं मला कोणी म्हणायला नको होतं.

माझ्यासमोर एक बाई कमरेवर हात ठेवून उभी. मी काय फादर करणार? मी काकू केल्या! हिरवं लुगडं, पिवळे काठ. कपाळावर बिटाचं एवढं मोठं कुंकू. नाकात नथ, नथीला तीन ठिपके. तोंड उघडं, गोल, आत गुलाबी. भुवया मध्ये खाली, टोकाला वर. पायाशी जागा उरली होती तिथं एक कोंबडी. इतकी हुबेहूब झाली की मलाच आवाज ऐकू यायला लागला. आईला दाखवायची माझी छाती झाली नाही. आपल्या डब्यात ठेवावी तर बाबा येता जाता त्यात हात घालत होते. म्हणून मी ती सगळ्यात सुरक्षित जागी लपवली. बिनअंड्याच्या डब्यात, तळाला, कागदाखाली.

कळलं ना पुढे काय झालं?

नाताळच्या सकाळी चर्चमधली मिसा झाली, मी गोठ्याच्या देखाव्यापाशी मैत्रिणींत रमले आणि आईबाबा पुढे घरी गेले. मी नाचत घरात शिरले तर आई आरशासमोर उगीचच केस सारखे करत होती.

"ताट पाठवलं शेजारी," ती म्हणाली. "ते नाही वागले रीतीनं, आपण वागायचं. बाबांना सांगितलं, ओट्यावर ठेवा आणि या. हाक मारू नका."

"कुठली बिस्किटं दिली?"

"डब्यातली. दुसरी कुठली?"

"सगळी?"

बाबा म्हणाले, "मी डबाच उपडा केला ताटात. कागदाला एक चिकटली होती, तीही काढून वर ठेवली. छान होती, रंगीत."

 मी धूम ठोकली. कुंपणातल्या कोंबड्यांच्याच भोकातून पलीकडे घुसले, फ्रॉक टरकावला. ओटा रिकामा! ताट आत गेलेलं. दाराआडून भांड्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मी तशीच पळत परत आले आणि आईला सगळं सांगून टाकलं. सांगताना नक्कल होऊ नये म्हणून हात पाठीमागे धरले होते.

आई मटकन खाली बसली. "कोंबडीपण काढलीस?"

"छोटीशी."

"अगं, चार महिन्यांनी मी एक पाऊल पुढे टाकलं! आता जन्मात तोंड बघणार नाहीत त्या माझं. त्यांना वाटेल मीच शिकवलं तुला."

ती रडली असती तर परवडलं असतं. ती नुसती जमिनीकडे बघत राहिली. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की नक्कल ज्याची केली त्याच्याच हातात पडू शकते. मी म्हटलं, मी जाते, पाया पडते. आई म्हणाली, थांब. बाबा म्हणाले, "मी जाऊ?" दोघी एकदम म्हणालो, "नको!"

तेवढ्यात अंगणात काकू.

एका हातात आमचं ताट, वर आईचा क्रोशाचा रुमाल तसाच. दुसऱ्या हातात मी केलेली बाहुली. बाहुलीचं तोंड उघडं, काकूंचं घट्ट मिटलेलं. त्या पायरीशी थांबल्या आणि बिस्किट वर धरलं.

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण ओळखू आला नाही.

"इकडे ये."

मी गेले. कान पुढे करूनच गेले. काकूंनी बिस्किट माझ्या नाकासमोर आणलं. "नथ डावीकडे असते. तू उजवीकडे घातलीस."

मी मान वाकडी करून नथ बघितली.

"आणि काय गो, मी एकटीच भांडत होते? ही तुझी आई काय तेव्हा जपमाळ ओढत होती? तिची कुठाय?"

आईनं मान वर केली. मी आईकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि सुसाट स्वयंपाकघरात. आपल्या डब्यातली एक कोरी बाहुली, लिंबू, साखर आणि उरलेला रंग घेऊन ओटीवरच बसले. कोन दाबला की सरळ रेघ येत होती. काकू शेजारी टेकल्या.

"गुलाबी लुगडं होतं तिचं," त्या म्हणाल्या. "आणि डोक्याला पंचा गुंडाळलेला. न्हाऊन आलेली."

"तुम्हाला बरं आठवतं वहिनी," आई पहिल्यांदाच बोलली.

"चार महिने दुसरं काय आठवत होते मी?" काकूंनी तिच्याकडे बघितलं नाही, माझ्या हाताकडेच बघत होत्या. "फराळाचं ताट भरून ठेवलं होतं दोन दिवस. म्हटलं, ही कुंपणाशी येईल, मग देईन. चकल्या मऊ पडल्या."

"मी दाराशीच बसले होते!"

"मग यायचं ना चार पावलं!"

"तुम्ही यायचं!"

"मी आले ना आता!"

आईनं काकूंच्या हातातलं ताट घेतलं. रुमालाखाली केळीच्या वाळक्या पानात बांधलेली, उन्हात वाळवलेली गोड सुकेळी होती, अख्खं ताट भरून. आईनं एक उलगडलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं काकूंच्या तोंडात घातलं.

आईची बाहुली झाली. डोक्याला पंचा, तोंड काकूंच्याएवढंच उघडं, हात कमरेवर. दोघी ताटात समोरासमोर ठेवल्या. काकू बघत राहिल्या. मग पदर डोळ्यांना गेला, मांडीवर थाप पडली आणि त्या अशा हसल्या की आमच्या कोंबड्या फडफडून कुंपणावर चढल्या. आई आधी तोंडावर हात धरून हसली, मग हात सुटला.

"ही मला खाता येणार नाही," काकू आईच्या बाहुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "अंड्याची आहे."

"वाचले मी," आई म्हणाली. "तुम्हाला मी खाऊ शकते."

"मग तोंडापासून सुरू कर. तेच फार चालतं." आणि माझ्याकडे वळल्या. "आता उभी राहा गो माकडे. दोघींची कर. भांडण पहिल्यापासून."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "कर. आता काय राहिलंय?"

मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले. एक उडी इकडे, काकू. एक उडी तिकडे, आई. चार महिन्यांची साठलेली सगळी हौस घालून केलं. दोरीपर्यंत आले, कपाटापर्यंत आले, तर आईनं मला थांबवलं.

"मी असं ठसक्यात नव्हते म्हटलं."

"याहून ठसक्यात म्हटलंस," काकू म्हणाल्या.

"आधी तुम्ही ओरडलात!"

"आधी तुझ्या कोंबड्यांनी उकरलं!"

"सात कोंबड्या! सात कोंबड्या किती उकरणार?"

"चाळीस रोपं, मोजून!"

दारातून बाबांनी घाबरत घाबरत डोकं बाहेर काढलं. "काय झालं? पुन्हा?"

"तुम्ही आत जा हो!" दोघी एकदम म्हणाल्या, आणि आईनं काकूंसमोर पाट सरकवला.