पेल्याची गळती

माझी सूनबाई पाणी बनवते. सिनेमातलं. संगणकात लाखो कण सोडायचे. ते एकमेकांवर आणि भांड्यावर आपटत राहिले की पडद्यावर पाणी दिसतं. मी पस्तीस वर्षं पत्र्याच्या टाक्या जोडल्या. बसून करायचं ते कसलं काम, असं म्हणायचो. गेल्या आठवड्यात ते म्हणणं मागे घेतलं.

दृश्य एवढंच : काचेच्या पेल्यात पाणी ओतायचं. पण पेला शाबूत असून खालून पाणी गळत होतं. शुक्रवारी दुपारपर्यंत जमलं नाही तर दृश्य कापणार होते. तिने एकटीने केलेलं हे पहिलंच.

ती एका वेळी एकच आकडा बदले, चालवून बघे, वहीत लिही. सदतीस वेळा. वैतागली, पण दोन आकडे एकदम बदलले नाहीत. आमच्या अख्ख्या कारखान्यात एवढा धीर तिघांकडे होता.

गुरुवारी सकाळी तिला चहा नेऊन दिला.

"गळतंय कुठून?"

"बाबा, ते कळलं असतं तर चहा मी नसता का केला?"

"आम्ही जोडाला बाहेरून खडू फासायचो, आतून रॉकेल. डाग उठला की तिथेच भोक."

"इथे रॉकेल कुठून आणू?"

"रंग तर आहे ना?"

तिने चहा बाजूला ठेवला. काचेबाहेर पडेल तो कण लाल, असं तिने ठरवून दिलं. लाल ठिपका एकाच जागी उठला, बरोबर धारेखाली.

"भोक नाहीच, बाबा. संगणक कण कुठे आहे ते ठरावीक वेळानेच बघतो. धार इतकी जोरात आहे की दोन बघण्यांच्या मध्ये कण काचेपलीकडे जातो."

"म्हणजे पहारेकऱ्याला डुलकी लागते."

"आणि भिंत कागदाइतकी पातळ!"

आधी तिने पहारा चौपट केला. चार-पाच लाल कण उरले. मग तळाला बाहेरून न दिसणारी जाडी दिली. एकही उरला नाही.

"उगाच नाही तुम्हाला मिस्त्री म्हणत!"

"चढवू नकोस. सदतीस वेळा कोण बसलं होतं?"

शुक्रवारी अकरा वाजता दृश्य पास झालं. मुलाने ते पाहिलं आणि म्हणाला, "साधा पेलाच तर आहे."

"गळला असता तर तुलाही दिसला असता," मी म्हणालो.

सूनबाई हसली. वहीतली शेवटची ओळ तिने मला दाखवली : एकोणचाळीस. कोरडा.