भोपळ्याचा घाणा

आमच्या भोपळ्याला पावाच्या पिठात मीठ मोजून टाकताना कुणी पाहिलं असेल, तर समोर या! माझा धाकटा भाऊ तो. लहानपणापासून गोल गरगरीत, म्हणून भोपळ्या. पुढे बेकरी थाटली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. मळलेल्या पिठाची चिमूट जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि "हं, अजून जरासं" म्हणायचं, एवढाच त्याचा काटा. मी गल्ल्यावर बसते. माझं तोंड फटकळ, त्याचं गोड, म्हणून दुकान चाललं.

मग त्याला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि भोपळ्याची पार काकडी झाली. त्याचंही त्याला काही वाटलं नाही. "चला, भट्टीपुढच्या अरुंद जागेत मावतो आता," म्हणाला. पण जिभेची चव गेली आणि मेला एकदम गप्पच झाला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, औषधांनी होतं असं, उपचार संपल्यावर बहुतेकांची चव हळूहळू परत येते. ह्याला पटेल तर शपथ!

"ताई, जीभच गेली तर बेकरीत बसून माशा मारू का? बास झालं. पुढची केमो नको."

"दोन थोबाडीत देईन," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो हट्टाने बेकरीत आला. पीठ मळलं, चिमूट जिभेवर ठेवली, मूठभर मीठ टाकलं. परत चिमूट, परत मूठ. पाव भट्टीतून निघाले तसा एक तोडून त्याने माझ्या हातावर ठेवला.

"कसा झालाय?"

पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. नुसतं मीठ! मी आयुष्यात कुणाची भीड ठेवलेली नाही. पण तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"नेहमीसारखा," मी म्हटलं.

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "म्हणजे हाताला तरी कळतंय अजून," म्हणाला, आणि मुकाट्याने केमोला गेला.

तेव्हापासून आमचं नाटक सुरू झालं. विकायचे पाव भावजय आधीच मीठ मोजून भाजून ठेवायची. भोपळ्याचा एक घाणा वेगळा, तो आम्ही घरचे खायचो. ह्याला काय, पाव आणि पुठ्ठा सारखाच. शेजारचा घड्याळजी ह्याचा जिवलग मित्र, त्यालाही सगळं सांगून ठेवलेलं. तो रोज "वा!" म्हणत एक पाव चावायचा आणि बाहेर जाऊन घटाघटा पाणी प्यायचा. एकदा मला म्हणाला, "ताई, हा बरा होईल, पण मीच वर जाईन."

"जा, पण वा म्हणून जा!"

केमो संपली. चव काही येईना. भावजय एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "वन्सं, नाहीच आली तर?"

"येणार!" मी खेकसले. मला काय ठाऊक? पण आशा सोडायची, तर मग धरायचं तरी काय?

परवा सकाळी घड्याळजी आला होता. चहा झाला. भोपळ्याने आदल्या दिवशीच्या पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि थू करून थुंकला.

"ताई! हा पाव कुणी केला?"

"तू."

"आणि तुम्ही खाल्लात?"

"रोज."

तो घड्याळजीकडे वळला. "तू पण रे?"

"वा!" घड्याळजी सवयीनं म्हणाला.

मग भोपळ्याने आम्हाला ज्या शिव्या घातल्या! भावजय हसत होती, मी ढसाढसा रडत होते. पुढची तपासणी व्हायचीय, तिच्यात काय निघेल देव जाणे. शिव्या देता देता तो मधेच थांबला. त्याच पावाचा दुसरा तुकडा तोडला, सावकाश चावला. मग तिसरा.

"ताई, खारट लागतंय गं," म्हणाला. "खरंच खारट लागतंय."

आणि अख्खा पाव त्याने एकट्याने संपवला.